लिस्बनच्या टेकड्या: मजा की सजा?

भटकभवानी
पाच दिवस लिस्बनला राहून आलो आणि तेव्हापासून घरात वाद पेटलाय. नवऱ्याचं म्हणणं, टेकड्या नसत्या तर शहर नीट बघून झालं असतं. मी म्हणते, टेकड्या नसत्या तर तिथे जायचं कशाला? अल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळांतून धापा टाकत वर यावं, तर सांता लुझियाच्या कठड्यापाशी एकदम खाली उतरत गेलेली लाल कौलं आणि पलीकडे तेजो नदी. ती तिथे इतकी पसरलीय की पहिल्या दिवशी मी तिला समुद्रच समजले. अशा जागांना तिकडे 'मिरादोरु' म्हणतात. तिकीट नाही. तुमचं काय मत?

गुडघेदुखी
तुमच्या अहोंना माझं अनुमोदन. सत्तरीच्या आईला घेऊन गेलो होतो. फुटपाथवर चुनखडीचे गुळगुळीत तुकडे बसवलेत, त्यात पाऊस. आईने माझा दंड जो धरला तो हॉटेलात येऊनच सोडला. २८ नंबरची ट्राम चढ वाचवते म्हणून ती सुटते त्या मार्तिम मोनिझ चौकात गेलो, तर तिथली रांग बघूनच परत फिरलो. आईला आवडला तो बायशाचा भाग. सपाट, सरळ रस्ते. १७५५ च्या भूकंपानंतर मंत्री पोंबालच्या काळात पट्टी लावून आखलेला. म्हणजे आवडलं ते माणसाने केलेलं, टेकडीने दिलेलं नव्हे.

भटकभवानी
@गुडघेदुखी, आईंचं पटलं. पण बायशातून मान वर केली की एका अंगाला किल्ला आणि दुसऱ्या अंगाला कार्मोच्या मठाचे बिनछपराचे अवशेष दिसतात, म्हणून तो भाग खुलतो. आणि ट्राम? त्या वळणांवर, त्या चढांवर लांबलचक नवे डबे जाऊच शकत नाहीत, म्हणून जुने बुटके डबे टिकले. सांता जुस्ताची ४५ मीटर उंच लिफ्टसुद्धा १९०२ साली हौसेखातर बांधली नव्हती. खालून वर जायचं होतं लोकांना.

तेजोकाठी
इथे राहतो म्हणून लिहितो. पाहुण्यांना चढ 'गोड' वाटतो, आम्ही त्यावरून गॅसचा सिलिंडर नेतो. अल्फामात देखावा दिसणारी घरं एकामागून एक पर्यटकांना भाड्याने गेलीत, आणि उरलेल्या आजीबाई तिसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात. त्याचेही फोटो काढतात लोक! ग्लोरियाची उतारावरची, तारेने ओढली जाणारी रुळांवरची गाडी १८८५ पासूनची. सप्टेंबर २०२५ मध्ये ती घसरली आणि १६ जण गेले. तेव्हापासून 'चढ-उताराची गंमत' हे शब्द मला ऐकवत नाहीत.

भटकभवानी
हे वाचून गप्प झाले. पिशवीचा फोटो मीही काढलाय.

मांडवीकर
पणजीत रोज आल्तिनो चढून कामाला जाणाऱ्याला विचारा, देखावा किती बघतो ते. ;-)

तेजोकाठी
@गुडघेदुखी, पुढच्या वेळी आईंना काइश दु सोद्रे धक्क्यावरून नदीपलीकडच्या कासील्यासची फेरीबोट दाखवा. दहा मिनिटांचा प्रवास. येताना डावीकडे १९६६ चा लाल पूल आणि समोर सगळं शहर, पायऱ्यांवर मांडल्यासारखं.

गुडघेदुखी
हे आधी का नाही सांगितलंत? बसल्या जागी लिस्बन!

भटकभवानी
पण त्या बोटीतून दिसतं काय? टेकड्याच ना?

गुडघेदुखी
दिसू देत हो. चढायला सांगू नका.