मदत हवी आहे: लांड्सहूटचा ड्यूक गेओर्ग

लेकीला जर्मनच्या क्लासमध्ये बव्हेरियातल्या (दक्षिण जर्मनी) लांड्सहूटच्या ड्यूक गेओर्गवर ५ मिनिटं बोलायचंय आणि ती अडकलीये ती फक्त लग्नातच! १४७५ साली पोलंडच्या राजकन्येशी, हेडविगशी, लांड्सहूटला एवढं थाटात लग्न झालं की गावकरी आजही दर ४ वर्षांनी जुने पोशाख घालून ती वरात काढतात. पण मला खरी गोष्ट पुढची वाटते, मुलगा नाही म्हणून घराण्याचा करार (मुलगा नसेल तर राज्य घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे जायचं) धाब्यावर बसवून पठ्ठ्याने सगळं मुलीच्या, एलिझाबेथच्या नावे केलं, १५०३ मध्ये गेला आणि म्युनिकवाल्या भाऊबंदांशी युद्ध पेटलं, त्यातच १५०४ ला मुलगी-जावई दोघंही वारले. हा वारसाहक्काचा घोळ शाळकरी पोरांना २ मिनिटांत कसा समजवावा? कोणी लांड्सहूटची वरात प्रत्यक्ष पाहिलीये का? फोटो असतील तर प्लीज टाका, शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे.