बीटाकॅम आणि यू-मॅटिक या जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर घ्यायच्या आहेत: पैसे कार्डात घालावेत की डेकमध्ये?

गोदाकाठ
वडिलांचा नाशिकच्या पंचवटीत छोटा व्हिडिओ स्टुडिओ होता. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. माळ्यावर ८६ कॅसेटी उरल्यात: ५२ बीटाकॅम एसपी आणि ३४ यू-मॅटिक लो-बँड. १९९१-९२ आणि २००३ या दोन्ही सिंहस्थांचं रामकुंडावरचं शूटिंग त्यात आहे. शिवाय हौशी नाटकांच्या तालमी, शाळांची गॅदरिंग, द्राक्षबागायतदारांच्या सभा. पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय, आता टाळणं शक्य नाही. बीटाचा डेक (कॅसेट वाजवणारं यंत्र) घरात आहे, सोनी पीव्हीडब्ल्यू-२८००पी, तो चालतो. यू-मॅटिकचा डेक बंद पडलाय.

माझं मत असं की सगळा पैसा कॅप्चर कार्डात, म्हणजे चित्र संगणकात घेणाऱ्या कार्डात, घालावा. बीटाकॅमच्या टेपवर ल्युमा (उजेड-अंधार) आणि रंग वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. डेकच्या मागच्या तीन बीएनसी जॅकमधून ते तसेच वेगळे बाहेर येतात. पिवळी कंपोझिट वायर लावली की दोन्ही एकत्र मिसळतात, संगणकाला ते पुन्हा सोडवावे लागतात आणि रंगांच्या कडांवर ठिपके रांगायला लागतात. म्हणून कंपोनंट (हे वेगळे सिग्नल घेणारं) इनपुट असलेलं डेकलिंक स्टुडिओ ४के किंवा इंटेन्सिटी प्रो ४के घ्यावं आणि १०-बिटमध्ये मास्टर (कायम जपायची प्रत) करावा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा, अजून काही विकत घेतलेलं नाही.

जुना_हात
मी नाही पटणाऱ्यांपैकी. पंचवीस वर्षं लग्नाच्या कॅसेटी एडिट केल्या, त्या अनुभवावर सांगतो. सेकंडहँड कॅनोपस एडीव्हीसी-३०० कन्व्हर्टर घ्या, फायरवायर केबलने डीव्ही (दाबलेलं डिजिटल चित्र) करा आणि मोकळे व्हा. तासाला १३ जीबी. तुमच्या १०-बिट अनकम्प्रेस्डला तासाला १०० जीबी लागतील. निम्म्या कॅसेटी झाल्या की डिस्क भरेल, घरचे वैतागतील आणि उरलेल्या कॅसेटी परत माळ्यावर जातील. असे अर्धवट राहिलेले दोन स्टुडिओ मी नाशकातच पाहिलेत. सगळ्या कॅसेटींचा डीव्ही मास्टर हा तीस कॅसेटींच्या उत्तम मास्टरपेक्षा कधीही चांगला.

सिडको_टॉवर
जुना_हात, डिस्कचा हिशेब बरोबर, पण डीव्हीचा तोटा तुम्ही सांगितला नाहीत. पालमधला (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीतला) डीव्ही ४:२:० असतो, म्हणजे रंगाच्या उभ्या तपशिलातला अर्धा भाग पहिल्याच पायरीला जातो. त्यावर पाचास-एक कम्प्रेशन. कुंभातले भगवे ध्वज, गुलाल, झेंडूच्या माळा, हे सगळं गडद रंगाचं काम आहे आणि डीव्हीत नेमक्या त्याच कडा दातेरी होतात. आणखी एक: डीव्हीत खालचं फील्ड (फ्रेमच्या एकाआड एक ओळींचा अर्धा भाग) आधी येतं, अनकम्प्रेस्ड पालमध्ये वरचं. हे न बघता दोन्ही फायली एका टाइमलाइनवर टाकल्या की हलती माणसं थरथरतात. आणि फायरवायरचं पोर्ट नव्या संगणकावर कुठून आणणार? जुना संगणक फक्त त्यासाठी जपून ठेवावा लागेल.

पण गोदाकाठ, तुमच्याशीही माझं जमत नाही. कार्डात पैसा घालणं हे उलटं आहे. डीव्हीडब्ल्यू-ए५००पी किंवा जे-३०एसडीआय यांसारखा डेक मिळवा. हे डेक मूळ डिजिटल बीटाकॅमचे, पण तुमच्या अॅनालॉग एसपी कॅसेटीही वाजवतात. टाइम बेस दुरुस्ती (टीबीसी, म्हणजे डुगडुगता सिग्नल स्थिर करणं) आतच होते आणि थेट एसडीआय, म्हणजे डिजिटल सिग्नल, बाहेर येतो. मग संगणकात एसडीआय घेणारं साधं डेकलिंक मिनी रेकॉर्डर पुरतं. अॅनालॉगचं डिजिटल करण्याचं नाजूक काम सोनीच्या ब्रॉडकास्ट इंजिनिअरांनी डेकमध्ये करून ठेवलंय, ते संगणकाच्या डब्यात कशाला पुन्हा करायचं?

गोदाकाठ
सिडको_टॉवर, मुद्दा वजनदार आहे. पण माझ्या २८००पीमध्येही टीबीसी आहे आणि तो वडिलांनी वर्षानुवर्षं स्वतः साफ केलेला आहे. बाजारात मिळणाऱ्या जुन्या डेकचं ड्रम (हेड बसवलेला फिरता भाग) किती तास फिरलंय?

सिडको_टॉवर
तासांचा आकडा डेकच्या मीटरवर बघता येतो. घेण्याआधी तो विचारायचा आणि स्वतःची एक कॅसेट लावून बघायची. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर परत फिरायचं.

वाचनालयाची_पायरी
कार्ड की डेक यावर इतकं चाललंय, पण लेव्हलचं, म्हणजे सिग्नलच्या पातळीचं, कोणीच बोललं नाही. मी एका संस्थेच्या कॅसेटींचं काम केलंय म्हणून कळकळीने सांगते. सर्वात उत्तम कार्डसुद्धा पांढऱ्याच्या फार वर गेलेला सिग्नल कापून टाकतं आणि एकदा कापलेलं परत येत नाही. दुपारच्या उन्हातला गोदाघाट, पांढरे धोतर-सदरे, पाण्यावरची चमक, यात तेच होणार. स्टुडिओच्या कॅसेटींवर सुरुवातीला कलर बार आणि एक किलोहर्ट्झचा टोन टाकलेला असतो. तुमच्या बाबांनी टाकला असेल तर ती त्यांनी तुमच्यासाठी ठेवलेली किल्ली आहे. वेव्हफॉर्म (पातळी दाखवणारा आलेख) उघडा, बार जागेवर बसवा, मगच रेकॉर्ड दाबा. प्रत्येक कॅसेटला, कारण प्रत्येक कॅमेऱ्याची लेव्हल वेगळी.

दुसरं आवाजाचं. बीटाकॅम एसपीला चार चॅनल असतात. एक आणि दोन टेपच्या कडेला, तीन आणि चार एएफएम, म्हणजे चित्राच्या हेडनेच लिहिलेले. आपल्याकडे बहुतेक जण एक-दोनच घेतात. पण एडिट करून नंतर निवेदन चढवलं असेल तर ते एक-दोनवर चढतं. तीन-चार चित्राला धरून असतात, चित्र न पुसता ते पुसता येत नाहीत. निवेदनाखाली गेलेला घाटावरचा मूळ आवाज तिथे जिवंत असू शकतो. त्यामुळे हार्डवेअर निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारेन: चारही चॅनल एकाच वेळी आत घेता येतात का? इंटेन्सिटीची केबल बघा, ती घरगुती आरसीए जॅकची आहे. तुमच्या डेकचा आवाज व्यावसायिक बॅलन्स्ड एक्सएलआर जॅकवर येतो.

जुना_हात
ताई, चॅनलचं मान्य, मीही आयुष्यभर दोनच घेतले. पण सगळे बीटाबद्दलच बोलताय. बीटा अजून थोडं थांबेल. यू-मॅटिक कुठे ठेवल्या होत्या, गोदाकाठ? २००८च्या पुरात पंचवटीत पाणी शिरलं होतं.

गोदाकाठ
खालच्या फळीवर होत्या. ज्यावरून पुराची पातळी बघतात तो दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा आमच्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं. बारा-तेरा यू-मॅटिक भिजल्या, नंतर वाळवल्या. त्यातल्या काहींच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसते.

जुना_हात
मग आज तुमचा प्रश्न कार्डाचा नाहीच. गाळ लागलेली कॅसेट डेकमध्ये घातली की हेड भरतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही ओरखडे जातात. आधी कव्हर उघडून, टेप हाताने हळू फिरवून, कोरडी साफ करावी लागते. ज्या चिकट झाल्यात त्या ५० अंशांच्या आसपास तासन् तास भाजतात, पण ते नियंत्रित तापमानाच्या यंत्रात, स्वयंपाकघराच्या ओव्हनमध्ये नाही. यू-मॅटिक बीटासारखी कंपोनंट नाही. कलर-अंडर आहे (रंग खालच्या फ्रिक्वेन्सीवर लिहिलेला), कंपोझिट देते आणि सिंक (चित्राच्या ओळींची वेळ) डुगडुगता. तुमच्या महागड्या कार्डाला असा सिग्नल दिला की फ्रेम पडतात किंवा चित्रच काळं. तिथे बाहेरचा टीबीसी लागतो. पैसे तिथे घाला.

मेनरोड_चौक
एवढा व्याप घरी कशाला? पुण्या-मुंबईत पाठवून द्या.

वाचनालयाची_पायरी
पाठवायला हरकत नाही, पण काय मिळणार ते आधी लिहून घ्या. आमच्या संस्थेने बारा कॅसेटी एका व्यावसायिकाकडे दिल्या होत्या. परत आल्या डीव्हीडी, दोन फील्ड एकत्र करून घोटलेल्या, आवाज अर्धा सेकंद मागे. मूळ फायली मागितल्या तर त्या पुसल्या होत्या. ते सगळं काम मी पुन्हा केलं. भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. त्यांच्या पहिल्या चित्रपटाची सगळी रिळं आज नाहीत. म्हणून मास्टर आपल्या हातात असावा असं मला मनापासून वाटतं.

डिस्कची भीती घालणाऱ्यांसाठी: अनकम्प्रेस्ड कायम ठेवायची गरजच नाही. एफएफव्ही१ हा व्हिडिओ दाबायचा प्रकार वापरा. एकही बिट न गमावता फाईल साधारण निम्म्यावर येते, मोफत आहे आणि २०२१पासून त्याचं तांत्रिक वर्णनही प्रकाशित आहे. तुमचे अंदाजे ६० तास म्हणजे ६ टीबीऐवजी ३ टीबी. चार टीबीच्या दोन डिस्क, एक घरी, एक नातेवाइकाकडे, नदीपासून लांब.

गोदाकाठ
काल रात्री २००३ची एक एडिट केलेली कॅसेट लावली. सुरुवातीला बार आहेत, टोनही आहे, लेबलवर बाबांच्या अक्षरात "टोन शून्यावर" असं लिहिलंय. एक-दोनवर निवेदन. तीन-चारवर हेडफोन फिरवला तर निवेदन नाही. शंख, ढोल, पाण्यात उड्या मारणारी पोरं आणि लाऊडस्पीकरवर हरवलेल्या बाईचं नाव पुकारणारा माणूस. हे बावीस-तेवीस वर्षांत कोणी ऐकलेलं नाही.

त्यामुळे इंटेन्सिटी बाद. २८००पी तसाच ठेवतोय, नवा डेक घेत नाही, सिडको_टॉवर, त्यात मला तुमचं पटलं नाही. चार चॅनल आत घेईल असं कार्ड, आणि वाचलेल्या पैशात यू-मॅटिकसाठी टीबीसी.

सिडको_टॉवर
माझं मत तेच राहील. पण २८००पीचे हेड गेले तर मला कळवा, मधेच थांबू नका.

जुना_हात
माझ्याकडे हाय-बँडचा (वरच्या दर्जाचा) एक यू-मॅटिक डेक कापडात गुंडाळलेला आहे. लो-बँडही वाजवतो, बेल्ट मात्र बदलावा लागेल. भिजलेल्या कॅसेटी वेगळ्या पिशवीत भरा, बाकीच्यांत मिसळू नका. रविवारी सकाळी घेऊन या. बीटाला हात लावायच्या आधी त्या तेरा संपवू.