आजीची स्मरणिका: 32 पानं, 200 प्रती. कुठे चुकतं?

शनिवारपेठी
आजीच्या वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढायची आहे. महिला मंडळ, बालवाडी, घरोघरची रद्दी गोळा करून त्यातून मुलींच्या फिया भरणं, असं तिचं पन्नासएक वर्षांचं काम. हाताशी मंडळाच्या हजेरीच्या दोन वह्या आहेत, चिकट पानांच्या अल्बममधले फोटो आहेत आणि तिच्याबरोबर काम केलेल्या चार-पाच जणी आहेत, सगळ्या ऐंशीच्या पुढच्या. वेळ तीन महिने. मजकूर कसा मिळवायचा? छपाईचं गणित काय?

जुनी_वही
आधी त्या चार-पाच जणींकडे जा. वह्या कुठे पळून जात नाहीत.

"आजी कशी होती?" असं विचारलंत तर प्रेमळ, कष्टाळू, सोशीक एवढंच मिळेल, आणि ते कुणाच्याही आजीला बसतं. काम विचारा. बालवाडीची किल्ली कुणाकडे असायची? खाऊ काय, किती मुलांना, गूळ-शेंगदाणे कुठून यायचे? रद्दी कोणत्या वारी, कुणाच्या जिन्याखाली ठेवायची? वर्गणी न देणाऱ्यांकडे परत कोण जायचं?

सन विचारू नका, तो सांगता येत नाही. खुणेची घटना द्या: पानशेत फुटलं (12 जुलै 1961) त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला (11 डिसेंबर 1967) तेव्हा थोरला कितवीत होता? 72 च्या दुष्काळातली सुकडी, आणीबाणी, रंगीत टीव्ही, अशा खुणांवर वर्ष बऱ्यापैकी पक्कं होतं. मग हजेरीच्या वहीशी ताडा. नाहीच जुळलं तर सरळ "साधारण 1965" लिहा.

पहिल्यांदा एकेकीला भेटा, नंतर दोघींना एकत्र. उलटं केलंत तर एकच बोलते आणि दुसरी "हो ना" म्हणत राहते. दुपारची झोप झाल्यावर, चारच्या सुमाराला जा. पाऊण तास पुरे. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवा. त्याची घरघर फोन इमानदारीत टिपतो आणि हळू आवाज बुडतो.

एक मात्र पाळाच: आजीने कुणाचं घरगुती भांडण मिटवलं, कुणाला मारहाणीतून सोडवलं, तर त्या बाईचं नाव, गल्ली काहीही छापू नका. पेठेत एवढ्याशा खुणेवरूनही माणूस ओळखू येतं. आणि बोलणाऱ्या बायकांच्या नावामागे "गं. भा." स्वतःहून लावू नका, त्यांनाच विचारा. बऱ्याच जणींना "श्रीमती" हवं असतं.

मधली_पिन
आकार डेमी 1/8, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. 32 पानं म्हणजे सोळाचे दोन फर्मे (एकत्र छापून घडी घालायचे गठ्ठे), कव्हर वेगळं. मधली पिन पुरते. आत 80 जीएसएम (कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅममध्ये) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकाचा साधा पांढरा कागद; कव्हर 250 किंवा 300 जीएसएम आर्टकार्ड, म्हणजे जाड गुळगुळीत कागद. 200 प्रतींना डिजिटल छपाईच परवडते. ऑफसेटचा, म्हणजे प्लेट बनवून करायच्या छपाईचा, विचार पाचशेच्या पुढे.

बारा पॉइंटात पानावर सव्वादोनशे-अडीचशे शब्द बसतात. फोटोंना दहा पानं सोडलीत तर मजकूर पाच हजारांच्या आसपास, त्यावर नाही. लोक दहा हजार शब्द आणतात आणि मग टाइप बारीक करतात, जो वाचणाऱ्या ऐंशीच्या आज्यांना दिसतच नाही. तेरा पॉइंट घेतलात तर उत्तम, पण मग शब्द त्या हिशेबाने कमी.

मजकूर युनिकोडमध्ये द्या. प्रेसवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला तर "ऱ्या", "ॲ" आणि जोडाक्षरं फुटतात. म्हणून शेवटचं प्रूफ कागदावरच तपासा: एकदा मजकूर आणि एकदा फक्त नावं. नावाची चूक झाली तर त्या घरात अंक उघडला जात नाही.

शनिवारपेठी
फोटोंचं काय? अल्बममधून निघतच नाहीत. भिंतीवरचा तर काचेलाच चिकटलाय.

मधली_पिन
ओढू नका, वरचा थर सुटतो. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरी नाही निघाला तर अख्खं पान स्कॅन करा. काचेला चिकटलेला काचेसकटच टिपायचा: हार काढा, काच पुसा, खिडकीशी सावलीत ठेवा, फ्लॅश बंद.

स्कॅन 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके). दोन इंचांचा पासपोर्ट फोटो त्यावर चार इंचांपर्यंत स्वच्छ छापतो. त्याहून मोठा हवा असेल तर 1200. व्हॉट्सॲपवरून मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा, नाहीतर दाबलेली फाइल येते. मूळ फोटोच्या पाठीवर नावं मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

पंचांगवाला
छापायला देण्याआधी दिवस पक्का करा. वर्षश्राद्ध तिथीने असतं, म्हणून इंग्रजी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येतं. मध्ये अधिक महिना आला (2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे) तर अठरा-एकोणीस दिवस नंतर. प्रती त्या दिवसाच्या आठवडाभर आधी हातात हव्यात.

कव्हरवर तारीख-तिथी दोन्ही देणार असाल तर निधनाची वेळ बघा. रात्री बारानंतर तारीख बदलते, पण तिथी बदलेलच असं नाही. दाखल्यावरची वेळ घेऊन त्या गावचं पंचांग उघडा.