‘द ब्रिज’मध्ये सोनी रोलिन्स यांचा दोन वर्षांचा रियाज नेमका कोठे ऐकू येतो?

गोदाकाठ (नाशिक) यांचा प्रश्न:

माझे कान शास्त्रीय संगीतावर घडले, जॅझकडे मी बराच उशिरा वळलो. नाशिकमध्ये आम्ही काही मित्र अधूनमधून जमतो, एखाद्या वादकाची ध्वनिमुद्रणे सलग ऐकतो आणि मग त्यांवर मनसोक्त वाद घालतो. या वेळी टेनर सॅक्सोफोनवादक सोनी रोलिन्स यांची पाळी होती. प्रथम १९५६चे ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ऐकले आणि त्यापाठोपाठ १९६२चे ‘द ब्रिज’. या दोहोंमधली हकीकत बहुतेकांना ठाऊक असेल. नाव सर्वत्र गाजत असताना, वयाची तिशीही गाठलेली नसताना, रोलिन्स यांनी १९५९मध्ये कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रणे दोन्ही बंद केली आणि १९६१पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर ते तासन्‌तास एकट्याने वाजवत राहिले.

माझी अडचण अशी की, ‘द ब्रिज’ देखणे असले तरी ते १९५८ सालचे आहे असे कोणी सांगितले असते, तर मी निमूटपणे मान्य केले असते. तीच जुनी लोकप्रिय गाणी, तीच मांडणी. आपल्याकडे कुमार गंधर्वांना क्षयाने कित्येक वर्षे गाण्यापासून दूर ठेवले आणि त्यानंतरचे त्यांचे गाणे पहिल्यापेक्षा इतके निराळे निघाले की, तो फरक नवख्या श्रोत्यालाही जाणवतो. तसा फरक येथे मला सापडत नाही. मी चुकीच्या जागी शोधतो आहे, की पुलाची गोष्टच संगीतापेक्षा मोठी झाली आहे?

खर्ज यांचे उत्तर:

ही तक्रार आपल्या एकट्याची नाही. ‘द ब्रिज’ बाजारात आले तेव्हा अनेक समीक्षकांचाही असाच विरस झाला होता. त्याचे कारण रोलिन्स यांच्या वादनात जितके आहे, तितकेच त्या दोन वर्षांत बाहेर जे घडले त्यात आहे. १९५९च्या मे महिन्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांनी ‘जायंट स्टेप्स’चे मुद्रण केले, नोव्हेंबरात दुसरे सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमध्ये दाखल झाले आणि स्वरसंगतींची (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची, म्हणजे कॉर्ड्‌सची) ठरलेली चौकट पाळावी की मोडावी, यावरून जॅझचे जगच दुभंगले. अशा वेळी दोन वर्षे अज्ञातवासात गेलेला वादक परतताना काहीतरी अघटित घेऊन येईल, असे लोकांनी गृहीत धरले होते आणि त्यांच्या हाती पडली ती जुन्याच गाण्यांची तबकडी.

तरीही ‘मांडणी तीच’ हे मला मान्य नाही. ‘कोलोसस’मध्ये टॉमी फ्लॅनागन यांचा पियानो आहे, ‘द ब्रिज’मध्ये पियानो नाहीच, त्या जागी जिम हॉल यांची गिटार आहे आणि तीही बेताने, सॅक्सोफोनला मोकळी जागा ठेवत वाजते. पियानो पावलोपावली स्वरसंगती सांगत राहतो आणि वादकाला त्या वाटेवरूनच चालावे लागते. रोलिन्स यांनी १९५७मध्ये ‘वे आउट वेस्ट’ आणि ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबच्या मैफलीत फक्त बास आणि ड्रम घेऊन ही वाट सोडून पाहिली होती. ‘द ब्रिज’ हा त्याच विचाराचा पुढचा, अधिक शांत टप्पा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘कोलोसस’मधील ‘ब्लू सेव्हन’ या रचनेवर संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलर यांनी १९५८मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. रोलिन्स छोटासा मुखडा घेऊन त्याचीच बढत कशी करत जातात, हे त्यांनी त्यात स्वरलिपीसह दाखवले. आपण सहजपणे करत होतो त्याचे असे विच्छेदन वाचून रोलिन्स अवघडले, असे त्यांच्याच बोलण्यातून पुढे आले. मला वाटते, पुलावरचा एकांत हा या अवघडलेपणावरचाही उतारा असावा. आपल्याला हवा असलेला फरक जुलै १९६२मध्ये मुद्रित झालेल्या ‘अवर मॅन इन जॅझ’मध्ये आहे. तेथे ‘ओलिओ’ ही त्यांची जुनी रचना पंचवीस मिनिटांपर्यंत पसरते, मधेच लय बदलते, चौकट सुटते, पुन्हा सापडते. माझ्या मते पुलाचे खरे ध्वनिमुद्रण ते आहे.

लष्करी बँड (देवळाली कॅम्प) यांचे उत्तर:

मी हौशी सॅक्सोफोनवादक आहे, म्हणून केवळ नादाबद्दल लिहितो. सदनिकेत हे वाद्य वाजवणे म्हणजे शेजाऱ्यांशी वैर पत्करणे. रोलिन्स यांनाही शेजारच्या गरोदर बाईंना त्रास होऊ नये म्हणून घराबाहेर जागा शोधावी लागली होती. माझी सोय गंगापूर धरणाच्या बाजूला मोकळ्यावर होते. भिंती असलेल्या खोलीत आपलाच आवाज उलटून येतो आणि तो आहे त्यापेक्षा भरदार भासतो. उघड्यावर काहीच परत येत नाही. पोटातून दम लावला नाही, तर सूर चार हातांवर विरून जातो. विल्यम्सबर्ग पुलावर तर शेजारून आगगाड्या धडधडत जातात आणि खाली नदीत बोटींचे भोंगे वाजतात. तेथे दोन वर्षे वाजवणाऱ्याचा दमसास आणि ओठांची पकड बदलल्यावाचून राहणार नाही.

हेडफोन लावून ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ ऐका. द्रुत ताना विसरा, फक्त लांब धरलेले सूर ऐका. प्रत्येक सूर सुरू कसा होतो, मध्ये किती फुगतो आणि संपताना त्याची कड कशी झिजत जाते, याकडे लक्ष द्या. १९५६मध्ये हा सूर कोरडा आणि टणक आहे. येथे त्याच्या पोटात हवा आहे. रियाज नेहमी नव्या कल्पनांतच दिसतो असे थोडेच आहे?

तिरकट यांचे उत्तर:

‘खर्ज’ यांच्याशी माझे निम्मेच जमते. ‘अवर मॅन इन जॅझ’मधील कॉर्नेटवादक डॉन चेरी आणि ड्रमवादक बिली हिगिन्स हे कोलमन यांच्याच चमूतील होते. त्या मोकळेपणाचे श्रेय पुलाला द्यायचे की या दोघांना, हे कसे ठरवणार? शिवाय बाजाराचाही भाग आहे. १९५६ ते १९५८ या काळात रोलिन्स यांच्या नावाने डझनभराहून अधिक तबकड्या मुद्रित झाल्या. ‘कोलोसस’ तर एका दिवसाचे काम होते. इतका उपसा झाल्यावर कोणालाही थांबावेसे वाटेल. परतल्यावर आरसीए व्हिक्टरसारख्या मोठ्या कंपनीशी करार झाला, तेव्हा पहिलीच तबकडी श्रोत्यांना बिचकवणारी काढली नाही, यात नवल नाही.

आणि मौनाचे एवढे कौतुकही नको. स्वेच्छेने थांबता येणे हे भाग्यवंतांचे काम आहे. पियानोवादक थेलोनियस मंक यांचा क्लबांत वाजवण्याचा परवाना १९५१मध्ये काढून घेतला गेला आणि १९५७पर्यंत त्यांना न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवता आले नाही. टेनरवादक टीना ब्रुक्स यांनी ब्लू नोट या कंपनीसाठी स्वतःच्या नावाने चार तबकड्यांचे मुद्रण केले. त्यांपैकी ‘ट्रू ब्लू’ ही एकच त्यांच्या हयातीत निघाली आणि १९७४मध्ये ते गेले. त्यांच्या मौनाला कोणी पूल दिला नाही.

गोदाकाठ यांचे प्रत्युत्तर:

सर्वांचे आभार. ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ सांगितल्याप्रमाणे ऐकले आणि लांब सुरांबद्दलचे म्हणणे पटले; ‘ओलिओ’ मात्र मला निम्म्यानंतर दमवते, हे प्रांजळपणे सांगतो. ‘तिरकट’ यांनी टीना ब्रुक्स यांचे नाव काढले नसते, तर मी त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलो असतो कोण जाणे. पुढच्या बैठकीला ‘ट्रू ब्लू’ लावू. रोलिन्स १९६०च्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात येऊन राहिले होते आणि १९७८मध्ये मुंबईच्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’त वाजवून गेले, एवढे मी वाचले आहे. त्या मैफलीला हजर असलेले कोणी येथे असल्यास त्या वेळचा त्यांचा नाद कसा होता, ते अवश्य लिहावे.

लष्करी बँड यांचे उत्तर:

त्या मैफलीला मी नव्हतो. कोणी सांगेपर्यंत १९७२चे ‘नेक्स्ट अल्बम’ ऐकून ठेवा. दुसऱ्या दीर्घ विरामानंतरची ती त्यांची पहिली तबकडी आहे. तिच्यातला सूर पुन्हा वेगळाच आहे, अधिक खरखरीत, आणि माझ्या चवीला थोडा जास्तच.