फिल्म फेस शटरिंग प्लायवूडचे सीमाशुल्क वर्गीकरण: ४४१२.३१, ४४१२.३३ की ४४१२.३४?

उद्यमबागकर (बेळगाव):

नमस्कार. उद्यमबागेत आमचे बांधकाम साहित्याचे दुकान आहे. शटरिंगचा (काँक्रीटच्या साच्यासाठीचा) प्लाय आजवर आम्ही देशातल्याच मिलमधून उचलत आलो. या वेळी प्रथमच व्हिएतनामहून एक कंटेनर न्हावाशेवा बंदरात मागवला आहे. माल १८ मिमी जाडीचा, आठ बाय चार फुटी, दोन्ही बाजूंना तपकिरी फिनॉलिक फिल्म असलेला आहे. इन्व्हॉइस आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (मूळ देशाचे प्रमाणपत्र) या दोन्हींवर ४४१२.३४ हे उपशीर्षक, म्हणजे सीमाशुल्क वर्गीकरणाचा आकडा, छापले आहे, पण मिलच्या स्वतंत्र पत्रात बाहेरचे थर निलगिरीचे आणि आतले अकेशियाचे असल्याचे लिहिले आहे. आमचे कस्टम ब्रोकर म्हणतात की व्हिएतनामचा माल म्हणजे उष्ण कटिबंधातले लाकूड, तेव्हा ४४१२.३१ टाकू, आणि शुल्क सगळीकडे सारखेच असल्याने फार विचार करण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या एका व्यापारी मित्राने तर वर फिल्म असल्यामुळे माल प्लास्टिकच्या ३९व्या प्रकरणात जाईल अशी शंका काढली आहे. बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचे सीमाशुल्काकडे द्यायचे घोषणापत्र) अजून भरलेले नाही. तीन माणसे तीन आकडे सांगत असताना सही मात्र माझी जाणार आहे, म्हणून विचारतो.

गोदीकर (सध्या मुक्काम खानापूर):

आधी ३९वे प्रकरण बाजूला ठेवू. प्लायवूडवर रंग, कागद, प्लास्टिक किंवा धातूचा पत्रा चढवला तरी ते ४४१२ या प्लायवूडच्या शीर्षकातच राहते, ही हार्मनाइज्ड सिस्टिमच्या (मालाच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या) स्पष्टीकरणात्मक टिपांची भूमिका आहे. शिवाय ४४व्या प्रकरणाची चौथी टीप सांगते की ४४१०, ४४११ आणि ४४१२ मधील मालावर प्रक्रिया झाली तरी, जोवर त्याला दुसऱ्या शीर्षकातल्या वस्तूचे स्वरूप येत नाही, तोवर तो आपल्या जागीच राहतो. त्याच प्लायचा फ्लश दरवाजा करून आणलात तर गोष्ट वेगळी, तो ४४१८ मध्ये जाईल.

आता उपशीर्षक. ४४१२.३१ ते ४४१२.३९ या रांगेत येण्यासाठी प्रत्येक थर ६ मिमी किंवा त्याहून कमी जाडीचा असावा लागतो. १८ मिमीच्या शटरिंग प्लायमध्ये ही अडचण सहसा येत नाही. त्यानंतर पाहायचा तो फक्त बाहेरचा लाकडी थर. फिल्म म्हणजे थर नव्हे, फिल्मच्या खालचे लाकूड हा थर. तो निदान एका बाजूला उष्णकटिबंधीय लाकडाचा असेल तर ४४१२.३१. तसे नसेल आणि निदान एका बाजूला बर्च, बीच, ओक, पॉप्लर, निलगिरी अशा नावे घेऊन सांगितलेल्या पानझडी जातींपैकी लाकूड असेल तर ४४१२.३३. (सीमाशुल्काच्या भाषेत 'पानझडी' म्हणजे केवळ सूचिपर्णी नसलेले, निलगिरी पाने झाडत नाही, हे मलाही ठाऊक आहे.) यादीत नाव नसलेले दुसरे असे लाकूड असेल तर ४४१२.३४, आणि दोन्ही बाहेरचे थर सूचिपर्णी असतील तर ४४१२.३९. ३३ आणि ३४ ही विभागणी २०१७च्या आवृत्तीत झाली. त्यापूर्वी दोन्ही ४४१२.३२ मध्ये होती, आणि पुष्कळ निर्यातदारांचे जुने नमुने अजून त्या घोळातून बाहेर आलेले नाहीत.

'उष्णकटिबंधीय' हा शब्द झाड कोणत्या देशात वाढले यावर ठरत नाही. स्पष्टीकरणात्मक टिपांच्या परिशिष्टात त्या जातींची नावे आहेत. ओकुमे, मेरांटी, केरुइंग (आपल्या बाजारातले गर्जन) ही त्यांतलीच. तेव्हा मिलचे पत्र खरे असेल तर आपला माल ४४१२.३३ मध्ये बसतो. इन्व्हॉइसही चूक आणि आपले ब्रोकरही चूक.

वखारवाला:

गोदीकरांच्या म्हणण्यात दोन गोष्टींची भर घालतो. पहिली, अकेशियाच्या नावाने फसू नका. त्या ४४१२.३३च्या यादीत रॉबिनिया आहे आणि इंग्रजीत त्याला खोटा अकेशिया म्हणतात. पण खानापूर भागात वन खात्याने लावलेला अकेशिया हे निराळे झाड आहे. तुमच्या मालात तो आतल्या थरात असल्याने वर्गीकरणाला त्याचा उपद्रव नाही, पण उद्या कोणी अकेशियाचा फेस (बाहेरचा थर) असलेला माल आणला तर तो याच नावामुळे चुकेल.

दुसरी, मिलच्या पत्रावर विसंबण्याआधी नमुना उघडून पाहा. फिल्मखालचा फेस काय आहे हे कडेवरून नीट कळत नाही, कारण कडेला रंग मारलेला असतो. कोपऱ्यावरची फिल्म पटाशीने हळूहळू सोला, खाली पाण्याचे बोट फिरवा आणि दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा.

उद्यमबागकर:

वखारवाले, आपण सांगितल्याप्रमाणे कुरिअरने आलेल्या हातभर नमुन्यावर प्रयोग केला. करवतीने ताजी कड काढल्यावर तेरा थर मोजले. सर्वांत जाड थरही २ मिमीच्या आतच आहे. फिल्म सहज निघत नव्हती, लाकडाचे तंतू ओढूनच निघाली. एका बाजूला फिकट तपकिरी, घट्ट लाकूड दिसले. दुसऱ्या बाजूचे मात्र गुलाबीसर, हलके आहे आणि नखाने दाबले तर ठसा उमटतो. दोन्ही एकच जात आहे असे मला मुळीच वाटत नाही.

वखारवाला:

वर्णन ओकुमेसारखे आहे, पण इतक्या पातळ व्हिनिअरवर (लाकडाच्या पापुद्र्यावर) डोळ्यांनी जात ठरवण्याचे धाडस मी करणार नाही. बेंगळुरूला मल्लेश्वरममध्ये लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे. तिथे लाकडाची जात ओळखून लेखी अहवाल मिळतो. तुकडा आजच पाठवा.

गोदीकर:

ती बाजू ओकुमेची निघाली तर ब्रोकरांचा आकडा बरोबर ठरेल, कारण मात्र त्यांनी दिलेले नव्हे. एका बाजूला निलगिरी असली तरी ४४१२.३१ आधी येते. 'निदान एक बाहेरचा थर' या शब्दांचा अर्थच तो आहे.

शुल्क सारखे आहे हे खरे. मूल्य १०० धरले तर मूळ सीमाशुल्क १०, त्यावर समाजकल्याण अधिभार १, आणि १११ वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) म्हणजे १९.९८, एकूण ३०.९८. त्यातला आयजीएसटी आपल्याला क्रेडिट म्हणून परत मिळतो, म्हणजे खरा बोजा ११ चा. परंतु आसियान देशांशी (व्हिएतनाम त्यांतलाच) झालेल्या व्यापार करारातली शुल्क सवलत मागणार असाल तर प्रमाणपत्रावर एक उपशीर्षक आणि बिल ऑफ एन्ट्रीवर दुसरे, ही विसंगती स्वतःहून चौकशीला बोलावणे आहे. २०२० पासून सीमाशुल्क कायद्याचे कलम २८डीए आणि मूळ देशाच्या नियमांखाली माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदाराची आहे, आणि ती पाच वर्षे जपून ठेवावी लागते. करारातली साधारण अट अशी की ३५ टक्के मूल्य आसियानमधले असावे आणि प्रक्रियेत उपशीर्षक बदललेले असावे. ४४०८ मधले व्हिनिअर ४४१२ मधला प्लाय झाले की दुसरी अट आपोआप पुरी होते; पण ओकुमेचे व्हिनिअर आफ्रिकेतून आले असेल तर ३५ टक्क्यांचा हिशेब मिलकडून लेखी मागा.

निपाणीकर:

लाकडाच्या चर्चेत बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) राहून गेले. प्लायवूडला गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे आणि शटरिंग प्लायचे मानक आयएस ४९९० आहे. उपशीर्षक कोणतेही टाका, परदेशी मिलकडे परवाना नसेल आणि शीटवर आयएसआय चिन्ह नसेल तर माल बंदरातच अडकेल. तसेच बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचे असते. उशिराला पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार आहे. बेंगळुरूच्या अहवालाची वाट पाहताना हे विसरू नका.

उद्यमबागकर:

सर्वांचे आभार. मिलला फोटो पाठवून सरळ विचारले; त्यांनी मान्य केले की या लॉटमध्ये एका बाजूचा फेस ओकुमेचा आहे आणि पत्र जुन्या लॉटचे जोडले गेले. त्यांचा बीआयएस परवाना क्रमांक शीटवरील शिक्क्याशी जुळतो. ४४१२.३१ लिहिलेले नवे प्रमाणपत्र आणि मूल्याचा हिशेब मागवला आहे, तुकडा बेंगळुरूला गेला आहे, आणि जहाज यायला अजून नऊ दिवस आहेत.