भंगारातल्या लढाऊ विमानाची गाडी: आपल्या पोरांनी असलं काही करावं का?

रत्नागिरीकर (धागाकर्ता)
अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या काही मंडळींनी भंगारात निघालेला एफ-१०४ स्टारफायटर विमानाचा सांगाडा घेतला, त्याला चाकं लावली आणि जमिनीवरच्या वेगाचा विक्रम मोडायला निघाले. गाडीचं नाव 'नॉर्थ अमेरिकन ईगल'. बहुतेक सगळे स्वयंसेवक. दोन दशकं हे काम चाललं. मोडायचा होता तो विक्रम ब्रिटनच्या 'थ्रस्ट एसएससी'चा: १५ ऑक्टोबर १९९७, नेवाडातलं ब्लॅक रॉक वाळवंट, ताशी १,२२७.९८५ किलोमीटर. जमिनीवर आवाजाच्या पुढे गेलेली ती पहिली गाडी.

माझं म्हणणं असं, की असा एक गट कोकणात उभा राहावा. आपल्याकडे आयटीआयचे फिटर-टर्नर आहेत, पॉलिटेक्निकची मुलं आहेत, मिरकरवाडा बंदरात इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे मिस्त्री आहेत. हे लोक एका कामावर कधी एकत्र येतच नाहीत. मुलं डिप्लोमा हातात पडला की मुंबई-पुण्याची गाडी धरतात. गाडी इथे बांधू, पळवायची वेळ आली तर कच्छच्या रणात नेऊ.

मालवणचो मिस्त्री
माका ह्या पटना नाय. माजा आख्खा आयुष्य बोटीच्या डिझेल इंजिनात गेला. भर हंगामात इंजिन बंद पडला काय चांगलो मिस्त्री गावना नाय, बोट जेटयेक पडान ऱ्हवता. खलाशांच्या घरात तेवढे दिस चूल कशी पेटतली? शिकलेले पोरगे हत तर तेंका हय आणा. इमानाचा इंजिन आमच्या खयच्या कामाचा?

वेगवेडा, चिपळूण
कच्छ कशाला? १९२० च्या दशकात हे विक्रम समुद्राच्या वाळूवरच होत होते. वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर माल्कम कॅम्पबेल या ब्रिटिश चालकाने १९२४ मध्ये विक्रम केला, पुढे फ्लोरिडातल्या डेटोनाच्या वाळूवर. गुहागरचा किनारा ओहोटीला किती घट्ट असतो ते सगळ्यांना माहीत आहे. नाहीतर सडे, म्हणजे वरची कातळाची पठारं, आहेतच.

शाळेतली बाई, गुहागर
किनाऱ्याचं नावही काढू नका. हिवाळ्यात इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, गावातली माणसं घरटी राखतात. गाडीखाली वाळू दाबली गेली की घरटं संपलं. सड्यांवर कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांपूर्वी कोरलेली, आणि पावसाळ्यात तिथे उगवणाऱ्या कितीतरी वनस्पती दुसरीकडे मिळत नाहीत. शिवाय पेंडाइनची अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथेच १९२७ मध्ये पॅरी-थॉमस हा चालक विक्रमाच्या प्रयत्नात मेला आणि त्याची 'बॅब्ज' गाडी त्याच वाळूत पुरली. ती १९६९ मध्ये उकरून काढली.

रत्नागिरीकर
किनारा आणि सडा दोन्ही बाद, बाईंशी शंभर टक्के सहमत. तसंही गुहागरचे पाच-सहा किलोमीटर पुरले नसते. 'ब्लडहाऊंड' या हाच विक्रम मोडायला बांधलेल्या ब्रिटिश गाडीसाठी दक्षिण आफ्रिकेत हाकस्किन पॅन या कोरड्या तळ्यावर जागा केली, तेव्हा मियर वस्तीतल्या तीनशेवर लोकांनी सुमारे १६,००० टन दगड हातांनी वेचले. एक खडा राहिला तरी घात होतो.

मिस्त्रीकाका, तुमच्या मुद्द्यावर बोलतो. जेट गाडीत इंजिन चाकांना फिरवत नाही, मागे फेकलेला झोत गाडीला पुढे लोटतो. चाकं नुसती फिरतात, पण 'ब्लडहाऊंड'च्या आखणीत ती मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेणार होती. त्या वेगाला रबर टिकत नाही, म्हणून भरीव अॅल्युमिनियम. अशा चाकाचं बॅलन्सिंग, बेअरिंगचा खेळ, शाफ्टचं अलाइनमेंट ज्या पोराने हाताने केलंय, तो तुमच्या बोटीच्या पंख्याचा शाफ्ट डोळे झाकून लावेल. मला ते हात इथे तयार व्हायला हवेत.

खेडचा अकाउंटंट
पैशाचं कोणीच बोलत नाही. 'ब्लडहाऊंड'ने २०१९ मध्ये ताशी १,०१० किलोमीटर गाठले, म्हणजे गाडी उत्तम होती. पण त्याआधीच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या दारात होती, एका उद्योजकाने विकत घेतली म्हणून तरली. पुढच्या टप्प्याला पैसा उभा राहिला नाही आणि गाडी संग्रहालयात गेली. ब्रिटनमध्ये ही गत, तर इथे वर्गणीवर किती वर्षं चालणार?

एक आई, दापोली
ज्या 'ईगल'चं कौतुक वर केलंय, तिचा शेवटही सांगा. २७ ऑगस्ट २०१९ ला ऑरेगॉनच्या अल्व्हर्ड वाळवंटात जेसी कॉम्ब्स ही चालक त्याच गाडीच्या अपघातात मरण पावली. पुढचं चाक निकामी झालं, बहुधा वाटेतल्या कशावर तरी आपटून. त्या दिवशीच्या तिच्या ताशी ८४१ किलोमीटरला महिलांचा विक्रम म्हणून २०२० मध्ये मान्यता मिळाली. ती अनुभवी होती, आपल्या मर्जीने बसली होती. आपल्याकडची मुलं अठरा-एकोणीस वर्षांची असतील, आणि मागे हटायला लाजतील. माझा मुलगा डिप्लोमाला आहे. वर्कशॉपमध्ये पाठवीन, गाडीत बसू देणार नाही.

रत्नागिरीकर
ताई, तुमची अट मी पहिल्या पानावर लिहायला तयार आहे: गाडीत मुलं बसणार नाहीत. आधी फक्त टेस्ट बेंच, लोखंडी चौकटीत घट्ट बांधलेलं इंजिन. त्याचा रेटा मोजायचा, कंपन मोजायचं, बंद करायला शिकायचं. खेडकरांना उत्तर हेच: बेंचला 'ब्लडहाऊंड'इतका पैसा लागत नाही. पण विक्रमाचं ध्येय मी सोडणार नाही. नुसत्या बेंचसाठी मुलं रविवार देणार नाहीत, त्या आकड्यासाठी देतील.

खेडचा अकाउंटंट
पहिल्या वर्षी देतील. तिसऱ्या वर्षी कोण उरतं ते बघायचं. तरी दरमहा हिशोब उघड ठेवणार असाल तर तो मी लिहीन.

मालवणचो मिस्त्री
बेंच मालवणात घाला. एक जुना इंजिन माज्याकडे पडान आसा, ता मी दितंय. पण डिझेलचा. जेटचा मागसून बगूया.