टिकिंटरमध्ये प्रत्येक रकान्यासाठी तोच तो कोड: उपाय काय?

प्रश्न (रावेर)

नमस्कार मंडळी. आमच्या केळीच्या व्यवहारासाठी मी पायथॉन आणि टिकिंटर (खिडक्या व फॉर्म बनवायची पायथॉनची लायब्ररी) वापरून वजनपावतीचा फॉर्म लिहीत आहे. शेतकऱ्याचे नाव, गाव, गाडी क्रमांक, घड, वजन, भाव, हमाली असे एकूण 14 रकाने आहेत आणि प्रत्येकासाठी व्हेरिएबल, लेबल (रकान्याचे नाव), एन्ट्री (लिहायची जागा) व त्या दोघांची जागा ठरवणारे ग्रिड अशा पाच ओळी, म्हणजे 70 ओळी नुसत्या कॉपी-पेस्ट केलेल्या. परवा हमालीचा रो-क्रमांक बदलायचा राहिला आणि तो रकाना थेट भावाच्या रकान्यावर जाऊन बसला. पायथॉनने चूक म्हणून काहीच दाखवले नाही, त्यामुळे भाव कुठे गेला हे शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. मग सगळे रकाने एकाच लूपमध्ये तयार केले आणि प्रत्येकाशेजारी लॅम्डाने (बिननावाचे छोटे फंक्शन) 'पुसा' बटण जोडले, पण आता कोणतेही 'पुसा' बटण दाबले तरी शेवटचाच रकाना पुसला जातो.

उत्तर (जळगाव)

लूपची दिशा योग्यच आहे, ती सोडू नका. लॅम्डा व्हेरिएबलची त्या क्षणीची व्हॅल्यू धरून ठेवत नाही, ती बटण दाबल्यावर वाचते, आणि तोवर लूप शेवटच्या रकान्यावर थांबलेला असतो. लॅम्डाला 'एफ = एफ' (एफ म्हणजे लूपमधला चालू रकाना) असा डिफॉल्ट आर्ग्युमेंट द्या, म्हणजे प्रत्येक बटणाला आपापला रकाना मिळेल. रकान्यांची नावे आणि रुंदी एका लिस्टमध्ये ठेवून रो-क्रमांक एन्युमरेटकडून (लूपमध्ये क्रमांक आपोआप देणारे फंक्शन) घ्या. हाताने आकडा लिहायचाच नसेल, तर परवाची चूक पुन्हा होणार नाही.

उत्तर (धुळे)

वरील सल्ला मला मान्य आहे, मात्र सगळेच त्या लिस्टमध्ये कोंबू नका. जावा स्विंगमध्ये (जावाची फॉर्म बनवायची लायब्ररी) रकान्याची जागा ठरवणाऱ्या ग्रिडबॅग-कन्स्ट्रेंट्सच्या पूर्ण कन्स्ट्रक्टरला 11 आर्ग्युमेंट द्यावे लागतात, म्हणून मीही एक ओळ जोडणारे फंक्शन लिहिले होते आणि त्याने फार सोय झाली. पुढे तारीख, एकूण रक्कम अशा वेगळ्या स्वभावाच्या रकान्यांसाठी त्यात एकेक अट वाढवत गेलो, आणि अखेरीस ते फंक्शन मूळच्या लांबलचक कोडपेक्षाही दुर्बोध झाले. शिवाय काही पाल्हाळ लायब्ररीचाच असतो: रकान्यातला मजकूर बदलल्याचे कळवणाऱ्या जावाच्या डॉक्युमेंट-लिसनरमध्ये तीन मेथड लिहाव्याच लागतात, साध्या मजकुराच्या रकान्यात त्यांतली चेंज्ड-अपडेट कधीच चालत नसली तरी, आणि 2014 साली जावा 8 मध्ये लॅम्डा आले, तेही एकाच अमूर्त (आपण लिहायची राहिलेल्या) मेथडच्या इंटरफेसला चालतात, म्हणून इथे उपयोगी पडत नाहीत. तेवढा भाग एका छोट्या क्लासमध्ये एकदाच लिहून बाजूला ठेवावा.

प्रश्नकर्ता (रावेर)

दोघांचेही मनापासून आभार. 12 रकाने लिस्टमध्ये गेले. गावाची निवडयादी आणि एकूण रक्कम हे दोन हाताने लिहिले, आणि वजन व भाव या दोन्ही व्हेरिएबलना ट्रेस-अ‍ॅड (व्हॅल्यू बदलली की ठरलेले फंक्शन चालवणारी सोय) लावल्यामुळे रक्कम आपोआप बदलते. आज वडिलांनी माल नवती, कांदेबाग की पिलबाग (केळीच्या मालाचे प्रकार) हे नोंदवायला आणखी एक निवडयादी मागितली आहे. निवडयाद्या दोन झाल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे छोटे फंक्शन लिहितो आहे. लिस्टमधले रकाने मांडणाऱ्या पहिल्या फंक्शनला हात लावलेला नाही.